वर्गणीवर उभा राहिलेला जिल्हा: हंगेरीतलं बेकेश

बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून आग्नेयेकडे निघालेली गाडी एकदा सपाटीला लागली की मग डोंगर दिसतच नाहीत. शेतं, कालवे आणि अधूनमधून एकटं उभं असलेलं शेतघर. अशा एकट्या घराला इथे 'तान्या' म्हणतात. रोमानियाच्या सीमेला टेकलेल्या बेकेश जिल्ह्यातलं द्युला हे गाव पर्यटकांना ठाऊक आहे ते विटांच्या किल्ल्यासाठी आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी. हंगेरीच्या राष्ट्रगीताला चाल देणारे फेरेन्त्स एर्केल 1810 साली इथेच जन्मले. मला मात्र इथल्या मंडळांचा माग काढायचा होता.

हंगेरीतले सुधारणावादी सरदार इश्तवान सेचेन्यी यांनी 1827 मध्ये पेश्टमध्ये, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या एका भागात, 'कसिनो' काढला. नावावरून जुगार आठवतो, पण तो होता एकत्र बसून वर्तमानपत्रं वाचण्याचा आणि देशाबद्दल बोलण्याचा क्लब. हे लोण पुढे गावोगावी पसरलं. द्युलात यानोश मोद्योरोशी यांनी जमवलेल्या वस्तूंतून 1868 मध्ये संग्रहालय उभं राहिलं आणि 1874 मध्ये जिल्ह्याची पुरातत्त्व व संस्कृती-इतिहास संस्था स्थापन झाली. बेनेडेक गोंडोच हे कॅथलिक धर्मगुरू आणि जिल्ह्याचं मुख्य शहर बेकेशचाबा इथले लुथरन (प्रोटेस्टंट पंथाचे) पाद्री लायोश हान हे दोघे या कामात बरोबर होते. ज्या प्रदेशात गावंच्या गावं पंथांनुसार वसली, तिथे हे दोघे जुन्या नाण्यांसाठी आणि कागदपत्रांसाठी एका टेबलाशी बसले, हे मला फार मोलाचं वाटतं. गोंडोच यांच्या नावाची बाग आजही गावात आहे. तिथे बराच वेळ बसलो.

पण हे झालं शिकलेल्यांचं. तान्यांवरच्या शेतकऱ्यांनी काढली ती वाचनमंडळं. शेजारी जमून वर्गणी काढत, वर्तमानपत्र मागवत. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्याच खोलीत पुस्तकांचं कपाट, त्याच खोलीत हिवाळ्यातला नाच. चिखलाच्या रस्त्यांनी तुटलेल्या त्या घरांना आपण एका वस्तीचे आहोत हे या खोल्यांनीच शिकवलं असणार.

याच जिल्ह्यातल्या ओरोशहाझाला पोचल्यावर गोष्ट बदलते. टोल्ना जिल्ह्यातून आलेल्या लुथरन कुटुंबांनी 1744 मध्ये वसवलेलं हे गाव पुढे इतकं वाढलं की देशातलं सर्वांत मोठं खेडं म्हणून ओळखलं जाई. शहराचा दर्जा मिळाला तो 1946 मध्ये. इथल्या मजुरांनी 1891 मध्ये आपलं मंडळ उभारलं. त्याच वर्षी 1 मे या कामगार दिनी अधिकाऱ्यांनी त्यांचा झेंडा जप्त केला, लोक तो परत मागायला जमले आणि त्यांच्यावर सैन्य घालण्यात आलं. बेकेशचाबातही त्याच दिवसांत असंच घडलं. जमीनदारांच्या क्लबातली राजकीय चर्चा सरकारला खपत होती. भूमिहीन माणसं सभासद झाली की तीच गोष्ट बंडाळी ठरत होती. मला इथे राग आला आणि तो लपवायची गरज वाटत नाही. पुढे 1898 च्या दुसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने शेतमजुरांच्या संपावर बंदी आली. बेकेशचाबाच्या आंद्राश आखिम यांनी 1906 मध्ये शेतकऱ्यांचा पक्ष काढला. 1911 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यातच ते गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मंडळांवर नवी कुऱ्हाड आली. 1946 मध्ये कम्युनिस्ट गृहमंत्री लास्लो राय्क यांच्या आदेशांनी देशभरातल्या शेकडो संस्था बरखास्त झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक वाचनमंडळंही मिटली. माणसांना पुन्हा मोकळेपणाने संघटना काढता आली ती 1989 च्या कायद्याने. योगायोग असा की त्याचाही क्रमांक दुसराच.

1996 मध्ये आणखी एक चांगली तरतूद झाली: प्रत्येक करदात्याला आपल्या आयकराचा एक टक्का हव्या त्या संस्थेला देता येतो. म्हणून वसंतात, विवरणपत्रांची मुदत जवळ आली की लहानमोठ्या संस्था आपला करक्रमांक छापलेली पत्रकं वाटतात. लोकनृत्याचे गट, स्वयंसेवी अग्निशमन दलं, शाळांचे निधी असे सगळे त्यात असतात.

जायचं असेल तर ऑक्टोबर निवडा. 1997 पासून बेकेशचाबात सॉसेजचा महोत्सव भरतो. लांबच लांब टेबलांशी संघ उभे राहतात, मांसात लाल पाप्रिका आणि लसूण कालवतात आणि कुणाचं सॉसेज सरस ठरतं याची चुरस लागते. मित्रांचे गट, एकाच कचेरीतले सहकारी, गावची मंडळं असे सगळे संघ तिथे भेटतात. राहायची सोय मात्र खूप आधी करून ठेवा.