आधी गोवराची लस, मग पाळणाघर

इथे जर्मनीत मुलाला पाळणाघरात, म्हणजे ‘किटा’त, जागा मिळवायची तर नाव घालून महिनोन्महिने वाट बघावी लागते. आणि मिळालेली जागा एका कागदावाचून अडते: गोवराची लस घेतल्याचा पुरावा. १ मार्च २०२० पासून तसा कायदा आहे. वर्ष झालेल्या मुलाला किमान एक डोस, दोन वर्षांच्या मुलाला दोन. नसेल तर किटा प्रवेश देत नाही. शिक्षण सक्तीचं असल्याने शाळेला तसं करता येत नाही, पण पालकांना २,५०० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. किटात काम करणाऱ्या, १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकालाही हाच नियम.

मला हा नियम मनापासून पटला. थोरल्याच्या कार्डावरून मात्र खटका उडाला. त्याचे दोन्ही डोस सांगलीजवळच्या आमच्या गावात झालेले. कार्डावर गोवर-रुबेला, तारीख, बॅच नंबर, सिस्टरची सही आणि समासात पुढच्या खेपेची तारीख, तिच्यापुढे ‘बुध.’ लिहिलेलं. किटाच्या ऑफिसातल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, हे चालेल असं वाटत नाही. मला फार लागलं ते. उन्हातान्हात लसींची पेटी खांद्याला लावून वस्तीवर येणाऱ्या सिस्टरची ती सही आहे. जगात सर्वांत जास्त लसींचे डोस बनवणारी कंपनी आमच्या पुण्यात आहे, हे त्यांना सांगूनच मी बाहेर पडले. मुलांच्या डॉक्टरांनी मात्र ओळ न् ओळ वाचून सगळं पिवळ्या लसपुस्तिकेत उतरवलं आणि शिक्का मारला. गालगुंडाची लस राहिलीय, ती एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लसीतून देऊ. कायद्यापुरतं हे कार्ड पुरेसं आहे, म्हणाले.

खरी चीड आली ती पालकसभेत. चांगले शिकलेले एक गृहस्थ म्हणाले, गोवर हा लहानपणीचा साधा आजार, शरीराला त्यातून जाऊ द्यावं, सरकारने मध्ये का पडावं? दोनतीन माना डोलल्या. मी तिथे बोलले तेच इथेही लिहिते. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो. कुणालाच संरक्षण नसेल तर एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना लागण होते. म्हणून तर शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण असावं लागतं. दोन डोस घेतलेल्यांत लस सुमारे ९७ टक्के परिणामकारक ठरते. इतकी खात्री फार थोड्या औषधांची देता येते. उलट गोवर होऊन गेला की शरीराची आधीच्या आजारांची ओळखही बरीचशी पुसली जाते, मूल मग इतर जंतूंना बळी पडतं. क्वचित काही वर्षांनी मेंदूला असाध्य सूज येते. २०१४-१५ मध्ये याच देशाच्या राजधानीत हजारावर लोकांना गोवर झाला आणि दीड वर्षाचं एक बाळ गेलं. ‘साधा आजार’ कुणाला म्हणायचं?

आणि सरकारची ढवळाढवळ म्हणाल, तर दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाने देवीची लस १८०७ मध्येच सक्तीची केली होती, सगळ्या जर्मन साम्राज्याने १८७४ मध्ये. गोवराच्या कायद्याविरुद्ध पालक घटनात्मक न्यायालयात गेले, २०२२ मध्ये हरले. ज्या बाळाचं लस घेण्याचं वयच झालेलं नाही, त्याला वाचवणारे बाकीचेच असतात. माझ्या मते सगळा प्रश्न इथेच संपतो.

मग तुमच्याकडे गोवर का होतो, असं एकीने विचारलं. होतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला मोठी साथ आली, मालेगाव-भिवंडीतही पसरली, मुलं दगावली. कोविडच्या काळात डोस चुकले होते, काही घरांनी अफवांपायी दार उघडलं नाही, हेही मान्य. पण कामाचा खाडा करून रांगेत उभं राहावं लागणारी आई आणि घराजवळ डॉक्टर असून नको म्हणणारा बाप यांना मी एका मापाने मोजणार नाही. पोलिओचा शेवटचा रुग्ण आपल्याकडे जानेवारी २०११ मधला. घरोघर फिरून, करंगळीला शाई लावत आपण तो हटवला, आणि त्यात गोवंडीसारख्या वस्त्याही होत्या.

आता घरच्यांसाठी. धाकटी सहा महिन्यांची असताना मामेभावाच्या लग्नाला आलो नाही, त्यावरून मावशी अजून धुसफुसते. तेव्हा साथीच्या बातम्या येत होत्या आणि इथल्या वेळापत्रकात पहिला डोस अकरा महिने पूर्ण झाल्यावर असतो. हजार माणसांच्या मांडवात तिला न्यायचं नाही हे मीच ठरवलं, नवऱ्याला बोल लावू नका. पुन्हा तीच वेळ आली तर हेच करेन. आता तिचे दोन्ही डोस झालेत, डिसेंबरात येतोय. मावशी, तेव्हा घरात दुसरं तान्हं बाळ असेल, तर येणाऱ्या सगळ्या मुलांची कार्डं आधी बघून ठेव.