जुन्या सर्व्हरला मोठ्या डिस्क जोडताना

माझ्या देखरेखीखालच्या जुन्या सर्व्हरमध्ये १ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकतो अशा जोडणीत) होत्या आणि त्यांवरची ३ टीबी जागा संपत आली होती, म्हणून मी ४ टीबीच्या चार डिस्क मागवल्या. पहिली डिस्क बसवून कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या कार्डाचा, सेटअप उघडला, तर तिथे जेमतेम २ टीबी दिसत होते. डिस्क सदोष असावी असे समजून दुसरी लावून पाहिली, आकडा तोच. तीच डिस्क यूएसबी डॉकमधून डेस्कटॉपला जोडल्यावर मात्र पूर्ण ४ टीबी दिसली, तेव्हा दोष डिस्कचा नाही हे स्पष्ट झाले.

कार्डवरची चिप एसएएस १०६८ई होती. ती डिस्कवरच्या सेक्टरांना (डेटा साठवणाऱ्या लहान तुकड्यांना) ३२ बिटांत क्रमांक देते, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ क्रमांकांनंतर तिची मोजणीच संपते. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरला, तर ही मर्यादा सुमारे २.२ टीबीवर येते. फर्मवेअर, म्हणजे कार्डातलेच सॉफ्टवेअर, बदलून ती ओलांडता येत नाही. खरेदीआधी चिपचे नाव पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते, हे कबूल केलेले बरे.

म्हणून एसएएस २००८ चिपचे वापरलेले कार्ड घेतले. ते आल्यावर केबलने अडवले: जुन्या कार्डाचे कनेक्टर एसएफएफ-८४८४, नव्याचे एसएफएफ-८०८७, आणि बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो सर्किट बोर्ड) अर्थातच जुन्या पद्धतीचे. दोन टोकांना दोन प्रकारचे कनेक्टर असलेली केबल मिळेपर्यंत काम थांबले. त्या वेळात जुने कार्ड जागेवर ठेवूनच सगळा डेटा दोन बाह्य डिस्कवर स्वतंत्रपणे उतरवून घेतला, कारण जुन्या कंट्रोलरने बांधलेला डिस्कसंच, म्हणजेच अ‍ॅरे नवे कार्ड जसाच्या तसा ओळखेल, असा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता.

नव्या कार्डवर आयटी मोडचे फर्मवेअर चढवले, त्यामुळे प्रत्येक डिस्क ऑपरेटिंग सिस्टीमला सुटी दिसू लागली आणि रेडचे काम लिनक्सच्या एमडीएडीएम या सॉफ्टवेअरकडे गेले. या वेळी दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारे रेड ६ निवडले. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली की तिचा डेटा पुन्हा उभारण्यासाठी उरलेल्या तिन्ही मिळून १२ टीबी वाचावे लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात मात्र दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टीबीमागे, एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात डिस्क बहुधा याहून बरी वागते, पण तेवढ्या आशेवर मला अ‍ॅरे सोपवायचा नव्हता. ८ टीबी जागा मिळाली, ती पुरेशी आहे.

सर्व्हरमध्ये यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी यंत्रणा) नसल्याने बूटसाठी मदरबोर्डच्या साटा पोर्टवर एक छोटी एसएसडी लावली. डिस्कचे भाग पाडण्याची जुनी एमबीआर पद्धतही २ टीबीपाशीच अडखळते, म्हणून मोठ्या डिस्कवर नव्या जीपीटी पद्धतीने विभाजन केले. पहिले सिंक, म्हणजे डिस्क एकमेकींशी जुळवणे, रात्रभर चालले. डेटा परत चढवून चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळणारे आकडे) जुळल्यावरच जुन्या चार डिस्क बे (डिस्कचा खण) क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून कपाटात ठेवल्या.