देवचाफा: माघातल्या फांद्या, श्रावणापर्यंतची खबर

रत्नागिरीत चाफा लावायचा तर सांभाळायचं ते पावसाला, उन्हाला नव्हे. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, कोरड्या दिवसांत पानं गाळून स्वस्थ बसणारं. म्हणून यंदा फांद्या माघातच काढल्या, झाड निष्पर्ण असताना. करड्या सालीच्या, जून, हातभर लांबीच्या. हिरवे कोवळे शेंडे घेतले नाहीत, ते कुजतात. कापताक्षणी पांढरा चीक भळभळ वाहतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, काहींच्या कातडीलाही त्याची आग होते.

फांद्या पडवीत सावलीला उभ्या ठेवल्या. कापलेलं तोंड बुचासारखं कडक झालं की मगच लावायच्या. साधारण १० ते १५ दिवस जातात. कुंडीत निम्मी जाड वाळू आणि जांभ्याची बारीक खडी. लावताना एकदा पाणी दिलं, पुढे हात आखडता.

चैत्रात शेंड्याला पानं फुटली. इथेच घाई नडते. फांदीच्या गाभ्यात पाणी साठलेलं असतं, त्याच्या जोरावर मुळं नसतानाही पानं येतात. पान पुरतं मोठं होऊन भर दुपारीही ताठ राहिलं, तेव्हाच पाणी वाढवलं. मृगाच्या आधी सगळ्या कुंड्या पत्र्याखाली नेल्या आणि एकही फांदी बुडाशी मऊ पडली नाही. याचा फार आनंद आहे!

आषाढात मोठ्या लाल चाफ्यावर तांबेरा आला. पान उलटं केलं की नारिंगी भुकटी बोटाला लागते. अशी पानं, खाली गळलेलीसुद्धा, रोज वेचून जाळते. शेजारच्या गोल टोकाच्या पानांच्या सिंगापुरी चाफ्यावर मात्र अजून डाग नाही.

त्याच लाल चाफ्याला जोडशेंग धरली आहे. हे क्वचितच घडतं. फुलात मध नसतो. रात्रीच्या वासाला भुलून मोठे पतंग येतात आणि मधाच्या शोधात पराग फिरवतात. शेंग पिकायला ८-९ महिने लागतात आणि बिया पंखाच्या, म्हणून तिला मलमलची पिशवी बांधली आहे. बियांची रोपं आईच्याच रंगाची होतील असं नसतं. कुणाकडे बियांपासूनचा चाफा फुलला असेल तर रंग काय आला, नक्की कळवा.