शाळेचे वार्तापत्र काढताना : माझा अनुभव

आमच्या शाळेचे वार्तापत्र माझ्याकडे आले ते कोणत्याही विशेष पात्रतेमुळे नव्हे, तर शिक्षकांच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा मी भाषा शिकवते एवढे कारण सगळ्यांना पुरेसे वाटले म्हणून. दर दोन महिन्यांनी आठ पाने, त्यांत शाळेतील उपक्रम, स्पर्धांचे निकाल आणि शाळेशी संबंध असलेल्या गावातील घडामोडी, असे त्याचे स्वरूप ठरले. पहिला अंक ठरलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी निघाला. त्या काळात काय करावे लागले आणि कोठे चुकले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण लहान गावातील शाळेत हे काम ज्याच्या अंगावर पडते त्याला विचारायला सहसा कोणी नसते.

पहिली अडचण अशी की लहान गावात बातमी ही बातमी राहतच नाही. शर्यतीत कोण पहिले आले, प्रयोगशाळेतील चंचुपात्र कोणी फोडले, कोणत्या शिक्षकांची बदली झाली, हे सारे संध्याकाळपर्यंत घरोघर पोचलेले असते. मग दोन महिन्यांनी छापून येणारा अंक वाचायचा कशाला, हा प्रश्न आठवीतील एका मुलाने मला पहिल्याच दिवशी विचारला, आणि त्या वेळी माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

संपादक मंडळासाठी मी सातवी ते नववीतील दहा मुले निवडली आणि निवडताना निबंधातील गुण पाहिले. ही निवड चुकली. निबंधात पारंगत असलेल्या मुलांनी आणलेली पहिली बातमी अशी होती की वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला, मान्यवरांनी बहुमोल मार्गदर्शन केले आणि आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली. त्यातला ‘वृक्षारोपण’ हा शब्द काढून ‘ग्रंथप्रदर्शन’ घातला असता तरी एक अक्षर बदलावे लागले नसते. मी ‘उत्साहात संपन्न’, ‘मान्यवरांच्या हस्ते’ आणि ‘बहुमोल’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांवर काट मारली, तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, मग लिहायला उरतं काय?” प्रश्न रास्त होता. मी तिला कुंपणाजवळ नेले आणि खड्डे मोजायला सांगितले.

सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाविषयी मी पूर्वी वाचलेले त्या दिवशी आठवले. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती आणि वर्गात फार वेळ बोलणे त्याला झेपत नसे. बार-स्यूर-लू या गावातील शाळेत त्याने १९२४ च्या सुमारास एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले वर्गाबाहेर फेरफटका मारून येत, पाहिलेले आपल्या शब्दांत लिहीत आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवून स्वतःच छापत. एकेक खिळा हाताने लावायचा असला की ‘बहुमोल मार्गदर्शन’ लिहिण्याचा मोह आपोआप आवरत असावा, असे मला वाटते. आमच्याकडे खिळे नव्हते, म्हणून मी शब्दांची मर्यादा घातली: कोणतीही बातमी दीडशे शब्दांच्या आत, आणि सर्वांत महत्त्वाचे ते पहिल्या वाक्यात. वृत्तपत्रांत ज्याला उलटा पिरॅमिड म्हणतात त्याचे कारण मुलांना तत्त्व म्हणून पटले नाही, पण पानात मजकूर मावेना आणि मी प्रत्येक बातमीची शेवटची दोन वाक्ये कापली तेव्हा लगेच पटले.

कुंपणाजवळ गेलेली मुलगी जी बातमी घेऊन आली तिने मात्र वेगळाच प्रश्न उभा केला. लावलेली रोपे चाळीस होती आणि जिवंत तेवीस. तिने तसे लिहिले. मुख्याध्यापकांनी मजकूर तपासताना त्या ओळीखाली रेघ मारली आणि मला बोलावून म्हणाले, “बाई, हे आपणच छापायचं का?” त्यांचा स्वर रागाचा नव्हता, शाळेची अब्रू ही त्यांना खरोखरच स्वतःची जबाबदारी वाटते. कायद्याच्या अंगाने पाहिले तर अशा वादात शाळेचेच पारडे जड ठरते, याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेत आहे. मिझुरी राज्यातील हेझलवूड ईस्ट या शाळेत १९८३ साली मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातील दोन पाने काढून टाकली, कारण त्यांवर शाळकरी मुलींचे गर्भारपण आणि पालकांचा घटस्फोट या विषयांवरील लेख होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८८ साली न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. मी हक्काची भाषा वापरलीच नाही. मी एवढेच म्हटले की, “सर, कुंपण रस्त्याला लागून आहे. वाळलेली रोपं सगळ्यांनी पाहिलीच आहेत.” त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी दोन गोष्टी जोडायला सांगितल्या: नळ कुंपणापासून दूर असल्यामुळे सुटीच्या काळात पाणी पोचले नाही हे कारण, आणि यापुढे कोणत्या वर्गाने कोणत्या दिवशी पाणी घालायचे याचा तक्ता. बातमी आधीपेक्षा चांगली झाली हे मान्य करायला हवे. शीर्षकातून मात्र ‘तेवीस’ हा आकडा गेला आणि मजकुरात राहिला, आणि त्यावर मी वाद घातला नाही.

छायाचित्रांच्या परवानगीला मला वाटले होते त्यापेक्षा फार जास्त वेळ गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क करारात तेराव्या कलमाने मुलांना अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि सोळाव्या कलमाने त्यांच्या खासगी आयुष्याला संरक्षण दिले आहे. एकाच मुलाचे हे दोन्ही हक्क आठ पानांत सांभाळायचे असतात. मी पालकांसाठी तयार केलेल्या पहिल्या पत्रात ‘नाव व छायाचित्र छापण्यास संमती आहे’ असे एकच वाक्य होते. एका वडिलांनी ते परत पाठवून लिहिले की नाव चालेल, छायाचित्र नको. मग मी पत्र बदलले आणि नाव, छायाचित्र आणि दोन्ही एकत्र अशा तीन वेगळ्या चौकटी केल्या. कारण विचारण्यासाठी रकाना ठेवावा असे एका सहकाऱ्याने सुचवले होते, पण तो मी ठेवला नाही. गाव लहान असले की कारण एकदा कागदावर आले की ते कागदावर राहत नाही.

बाकी तांत्रिक कामे थोडक्यात सांगते. कार्यालयातील संगणकावर जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे, आणि तो युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडत. शेवटी मुलांनी सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकला आणि तेच लवकर झाले. मोबाइलवरून फिरत आलेली छायाचित्रे पडद्यावर ठीक दिसतात, पण छापताना धूसर होतात, कारण आठ सेंटिमीटर रुंदीचे चित्र दर इंचाला ३०० बिंदू या दराने छापायचे तर त्याच्या रुंदीत सुमारे ९४५ बिंदू असावे लागतात; म्हणून मूळ फाइलच मागावी. आठ पानांचा अंक म्हणजे मधोमध दुमडलेले ए-थ्री आकाराचे दोन कागद. बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला आठवे व पहिले पान येते आणि मागे दुसरे व सातवे. आतल्या कागदावर सहावे व तिसरे, आणि मागे चौथे व पाचवे. हे डोक्यात बसवण्याचा प्रयत्न करू नये. कोरे कागद दुमडून, त्यांवर आकडे घालून डमी करावी आणि ती छपाई संपेपर्यंत जवळ ठेवावी.

नावांचा प्रश्न मात्र तांत्रिक नव्हता. व्याकरणाप्रमाणे ‘दीप्ती’ लिहावे, पण हजेरीपटावर ‘दिप्ती’ असते. कोणी ‘ऋतुजा’ असते, कोणी ‘रुतुजा’. भाषेची शिक्षिका म्हणून माझा हात आपोआप नावे शुद्ध करू लागला, आणि एका मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले की बाई, हे माझे नाव नाही. तेव्हापासून नियम असा केला की ज्याचे नाव छापायचे त्याने ते स्वतःच्या हाताने एका वहीत लिहून द्यायचे आणि आम्ही ते तसेच उतरवायचे.

हा नियम पहिल्या अंकाच्या वेळी निकालांना लावला नव्हता, आणि तेथेच घात झाला. दोनशे मीटर शर्यतीचा निकाल आम्ही पंचांच्या तक्त्यावरून घेतला. तक्त्यात नावे नव्हती, छातीवरच्या पट्टीचे क्रमांक होते. क्रमांकांची नावे करताना आमची नजर यादीत एक ओळ खाली घसरली आणि दुसऱ्या आलेल्या मुलीच्या जागी तिसरीचे नाव छापले गेले. मजकूर तीन मुलांनी आणि मी स्वतः वाचला होता. चारही जणांनी शुद्धलेखन तपासले, तक्ता कोणीच पुन्हा पाहिला नाही.

मुलगी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आजी अंकाची घडी हातात घेऊन शाळेत आली. तिला वाचता येत नव्हते. नातीचे नाव कोठे आहे ते दाखव म्हणून तिने शेजारच्या मुलाला सांगितले आणि त्याने ते तिसऱ्या क्रमांकावर दाखवले. “बाई, पोर दुसरी आली,” ती म्हणाली. “मी दोरीपाशी उभी होते. सगळ्या गावानं बघितलंय. पण आता कागदावर हे राहणार ना?” मी चूक मान्य केली आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापू असे सांगितले, त्यावर तिने पुढचा अंक कधी हे विचारले आणि दोन महिने ऐकून नुसती मान हलवली. आठवीतल्या त्या मुलाला द्यायचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले, पण ते त्याला सांगावे लागले नाही, कारण तो तेथेच अंक मोजत बसला होता.

दोन महिने थांबणे बरोबर दिसले नाही. आम्ही त्याच संध्याकाळी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापल्या, उरलेल्या सगळ्या प्रतींवर चुकीच्या ओळीशेजारी चिकटवल्या आणि वाटलेल्या प्रतींसाठी मुलांबरोबर घरी पाठवल्या. दुसऱ्या अंकात दुरुस्ती त्याच पानावर आणि निकालाच्याच आकाराच्या अक्षरांत दिली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत द्यावी अशी सूचना आली होती, ती मुलांनीच नाकारली. चूक झाल्याचे सांगताना जिच्याकडून दुसरा क्रमांक गेला त्या मुलीला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून वाक्य चार वेळा बदलले आणि अखेरीस फक्त योग्य क्रमाने तिन्ही नावे देऊन, आधीचा क्रम आमच्या हलगर्जीमुळे चुकला होता, एवढेच लिहिले.

आता निकाल दोन ठिकाणांहून घेतला जातो: पंचांचा तक्ता आणि खेळाडूंची वही. दोन्ही जुळले नाहीत तर बातमी थांबते, आणि एकदा त्यापायी पान तिसरे अर्धे कोरे राहण्याची वेळ आली होती, तेव्हा तेथे ग्रंथालयाच्या नव्या वेळा छापल्या. संपादक मंडळात आता दोन मुले अशी आहेत की ज्यांना निबंध मुळीच जमत नाही, पण एखादी गोष्ट स्वतः मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रोपांची पुढची मोजणी त्यांच्याकडे आहे. मजकूर देण्याची शेवटची तारीख या वेळी मोजणीनंतर दोन दिवसांनी ठेवली आहे, आणि आकडा शीर्षकात घ्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी मुख्याध्यापकांनी मुलांनाच बोलावले आहे.