कॅल्शियम नॉर्मल आलं, तरी फॉस्फरस विचारा

परवा एक आजी कोल्हापूरच्या गंगावेशीतून किटलीभर धारोष्ण दूध घेऊन आमच्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या राहिल्या. "सिस्टर, दोन थेंब तरी घाला की पोराला. हाडं भरत्यात." नात 28व्या आठवड्यात जन्मलेली, जन्मवजन 980 ग्रॅम. म्हशीचं दूध त्या आतड्याला आणि किडनीला झेपणार नाही, हे मी त्यांना समजावलं. पण हाडांची काळजी मात्र आजींनी अगदी बरोबर ओळखली होती.

बाळाच्या हाडांतलं कॅल्शियम-फॉस्फरस बहुतांश, म्हणजे साधारण 80 टक्के, आईच्या पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. हे बाळ त्या आधीच बाहेर आलं. आईचं दूध त्याच्यासाठी सगळ्यात चांगलं, त्याला तोड नाही. पण दीड किलोच्या आतल्या बाळाला लागणारं फॉस्फरस आणि कॅल्शियम नुसत्या त्या दुधातून पुरत नाही. म्हणून आम्ही आईच्या दुधात फोर्टिफायरची, म्हणजे ही खनिजं पुरवणारी पावडर मिसळतो. त्यात बाळ बरेच दिवस सलाईनवरच्या पोषणावर असेल, फुफ्फुसांसाठी लघवी वाढवणारी औषधं किंवा स्टिरॉइड चालू असतील, तर तूट आणखी वाढते.

घोळ होतो तो रिपोर्ट वाचताना. रक्तातलं कॅल्शियम कमी व्हायला लागलं की शरीर हाडांतून काढून ते भरतं. त्यामुळे कागदावर आकडा छान दिसतो आणि हाड आतून पोकळ होत जातं. आधी घसरतो तो फॉस्फरस, आणि अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं रक्तातलं एन्झाइम, आम्ही एएलपी म्हणतो, ते चढत जातं. एक्स-रेवर दिसेपर्यंत हाडातली खनिजं बरीच गेलेली असतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. पूर्वी ज्या ठिकाणी होते, तिथं आम्ही फक्त कॅल्शियम पाठवायचो. एका बाळाचं दोनदा नॉर्मल आलं, आम्ही निश्चिंत. सातव्या आठवड्यात श्वासासाठी छातीचा एक्स-रे काढला, तर एक बरगडी मोडून जुळत आलेली. त्याच्या आईनं मला विचारलं, "मी कांगारूला छातीशी घेताना जोरात धरलं का ओ?" तिनं काहीच केलं नव्हतं. चुकलो होतो आम्ही. तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

तेव्हापासून दीड किलोच्या आतलं बाळ आलं की चार्टवर चौथ्या आठवड्याची तारीख मी लाल पेनानं लिहिते. त्या दिवशी कॅल्शियम, फॉस्फरस, एएलपी तिन्ही एकदम. फॉस्फरस 4च्या खाली किंवा एएलपी 500च्या वर गेलं की मी डॉक्टरांना राऊंडपर्यंत थांबू देत नाही. एएलपी वाढायला यकृताचंही कारण असतं, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच बघायचे.

आजींच्या नातीचं चौथ्या आठवड्यात कॅल्शियम 9.8, म्हणजे नॉर्मल आलं. फॉस्फरस 3.6, एएलपी 780. डॉक्टरांनी फॉस्फेटचे थेंब सुरू केले, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ठरवून दिलं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकाच सिरिंजमध्ये घेऊ नका, हे नव्या मुलींना मी हमखास दाखवते. मिनिटभरात खाली पांढरा गाळ बसतो. बाळाच्या पोटात जायचं ते सिरिंजच्या तळाला राहतं. म्हणून एक या फीडला, दुसरं पुढच्या फीडला.

अशा बाळाचा लंगोट बदलताना दोन्ही घोटे धरून पाय वर उचलायचे नाहीत. कमरेखाली तळवा घालून हळूच कुशीवर वळवायचं. आजींनाही तसंच शिकवलं. मोठ्या माणसाचं हाताचं वळण मोडायला वेळ लागतो, पण त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केलं.

पंधरवड्यानं फॉस्फरस 5.1 वर आला, एएलपी उतरायला लागलं.

तुमच्या घरचं असं लहान बाळ कुठंही दाखल असेल, तर चौथ्या आठवड्यात नम्रपणे पण स्पष्ट विचारा, "फॉस्फरस आणि एएलपी पाठवलं का?" डिस्चार्जच्या वेळीही पुढच्या तपासणीची तारीख फाईलवर लिहून घ्या. घरी गेल्यावर फोर्टिफायर बंद होतो, तेव्हा आकडे पुन्हा घसरू शकतात. आजींच्या फाईलवर मी पुढच्या महिन्यातला सोमवार लिहून दिलाय.