विदूषकाच्या नावाची धर्मशाळा

इथे अमेरिकेत कुठल्याही दुकानात पैसे द्यायला गेलं की स्क्रीनवर हमखास एक प्रश्न येतो: बिल पुढच्या डॉलरपर्यंत वाढवून वरचे सेंट दान करायचे का? मागे रांग, समोर कोवळी पोरगी हसत उभी, आणि तेवढ्या चिल्लरीसाठी आपण मोठ्याने ‘नको’ म्हणायचं. मी पंचवटीत वाढलेय. रामकुंडावर दक्षिणेसाठी मागे लागणाऱ्यांना कसं चुकवायचं हे शाळेत असतानाच शिकले. त्यामुळे मी ‘नको’ म्हणते आणि मला त्याचं काही वाटत नाही. मुद्दा पैशांचा नाहीच. कंपनी अब्जावधींची, चिल्लर माझी आणि भिंतीवर नाव मात्र त्यांचं, हे काही मला पटत नाही.

आता हे सगळं लिहायचं कारण. माझी एक मैत्रीण आहे, मूळची नाशकातल्या सिडकोची. इथे ती लहानशा गावात राहते. तिचं बाळ दिवस भरायच्या बरंच आधी झालं आणि त्याला आमच्या शहरातल्या मुलांच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. बाळाचा खर्च विम्यात बसला, पण आईबापांनी झोपायचं कुठे याची सोय विम्यात नसते. ‘आमच्याकडे ये’ असं मी म्हटलंच. पण आमचं घर शहराबाहेर, आणि तिला दर तीन तासांनी दूध काढून दवाखान्यात पोचवायचं होतं. शेवटी दवाखान्यातल्याच समाजसेविकेने तिला पलीकडच्या इमारतीत खोली मिळवून दिली. मी डबा घेऊन भेटायला गेले, तर दारातल्या बाकावर पिवळ्या कपड्यांतला, लाल केसांचा विदूषक फतकल मारून बसलेला. पुतळाच तो, मॅकडोनाल्ड कंपनीच्या विदूषकाचा. रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस!

आपल्याला मॅकडोनाल्ड म्हणजे कॉलेजच्या पोरांची आलू टिक्की. त्या नावाची घरं असतात हे मला इथे इतकी वर्षं राहूनही ठाऊक नव्हतं. स्वच्छ खोली, कपडे धुवायला मशीन, फ्रिजमध्ये प्रत्येक कुटुंबाचा नाव लिहिलेला कप्पा, संध्याकाळी गरम जेवण. जमेल तसे थोडे पैसे द्यायचे, नाही जमलं तर कुणी बाहेर काढत नाही. दूध काढून ठेवायलासुद्धा वेगळा फ्रिज. मैत्रीण म्हणाली, “अगं, इथे कुणी ‘बाळ कसंय’ असं विचारत नाही. सगळ्यांचीच बाळं दवाखान्यात आहेत ना.”

घरी येऊन मी वाचत बसले. पहिलं घर 1974 साली फिलाडेल्फियात उघडलं. तिथल्या ईगल्स संघाचा फुटबॉलपटू (त्यांचा फुटबॉल, जो हाताने खेळतात) फ्रेड हिल, त्याच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. नवराबायको दवाखान्यातल्या खुर्च्यांवर झोपायचे आणि मशीनमधलं काहीबाही खायचे. संघाने पैसे उभे केले. कर्करोगाच्या डॉक्टर ऑड्रे इव्हान्स यांना दवाखान्याजवळ अशा आईबापांसाठी घर हवं होतं. मग मॅकडोनाल्डला विचारलं, तर तिथल्या स्थानिक दुकानांनी मार्चमध्ये निघणाऱ्या ‘शॅमरॉक शेक’ नावाच्या हिरव्या मिल्कशेकच्या विक्रीतून पैसे द्यायचं कबूल केलं. सगळी विक्री देतो, पण घराला आमच्या विदूषकाचं नाव द्या, असं कंपनीच्या माणसाने म्हटल्याचं सांगतात. कंपनी वाढवणारे रे क्रॉक 1984 मध्ये वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ मोठी संस्था उभी राहिली. आज जगभरात अशी साडेतीनशेहून जास्त घरं आहेत.

म्हणजे बघा, नाव पहिल्या दिवसापासूनच सौद्यात होतं.

गाडं चालतं कसं, तेही कळलं. कंपनीची बहुतेक दुकानं फ्रँचायझीची, म्हणजे त्या त्या गावातल्या मालकांची. हाऊस चालवणाऱ्या संस्थाही गावोगावच्या, वेगळ्या नोंदलेल्या. कंपनी देते, मालक देतात, पण बराच पैसा लोकांचा: काउंटरवरची दानपेटी, तो वरच्या सेंटांचा प्रश्न, देणगीदार. आमच्या लेकाच्या शाळेत तर शीतपेयाच्या डब्यांच्या झाकणावरच्या त्या ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या कड्या बरणीत जमवतात. मला वाटायचं हस्तकलेसाठी असतील. तर त्या भंगारात विकून पैसे हाऊसला जातात! आपल्या भंगारवाल्याला सांगितलं तर तो म्हणेल, बाई, कड्या कशाला तोडता, अख्खा डबाच द्या की.

आता आपलं. नाशकात गोदाकाठी गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, हे नाशिककरांना मी काय सांगणार. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अशा माणसाने पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे लोकवर्गणीतून धर्मशाळा बांधल्या. बाबा 1956 साली गेले. त्यांच्या मिशनची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयातल्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना नाममात्र पैशांत ठेवून घेते. ना शेक, ना विदूषक. तेव्हा दवाखान्याजवळ घर हवं ही अक्कल काही फिलाडेल्फियाहून आयात करावी लागलेली नाही.

हे मी नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तो म्हणाला, मग परळच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून कोण झोपतं? आहे, तेही आहे. पण टाटामध्ये अख्ख्या देशातून माणूस येतो. कितीही खोल्या बांधल्या तरी कमीच पडणार. इथल्या घरांतही प्रतीक्षायादी असतेच, ती फक्त फुटपाथवर दिसत नाही. एवढं मात्र मान्य, की सरकारी दवाखान्याच्या आवारात झाडाखाली स्टोव्ह पेटवणाऱ्या बायकांकडे मी नाशकात कित्येकदा बघत गेले आणि कधी थांबले नाही. तुम्ही तरी थांबता का?

मैत्रिणीचं बाळ आता घरी आहे, गुटगुटीत. आमचा बायकांचा ग्रुप मात्र त्या हाऊसच्या स्वयंपाकात अडकलाय. तिथे संध्याकाळचं जेवण गावातले लोक पाळीपाळीने रांधतात. नियम मोजकेच, पण कडक: घरून केलेलं काही आणायचं नाही, त्यांच्याच ओट्यावर करायचं आणि प्रत्येक पदार्थाशेजारी त्यात काय काय आहे ते लिहून ठेवायचं. केमो चाललेल्या मुलांची प्रतिकारशक्ती इतकी कमी झालेली असते की कुणाच्या घरचा पुरणपोळीचा डबा चालायचा नाही. हे पटलं. जास्त अवघड गेलं ते दुसरंच. ॲलर्जीच्या भीतीने दाणे नकोत. दाण्याच्या कुटाशिवाय काय करायचं या प्रश्नावर आमची खरीखुरी बैठक झाली! शेवटी मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेले पापड केले. टोपी घातलेला एक आडदांड बाप तिसऱ्यांदा खिचडी वाढून घेताना म्हणाला, हे आमच्या आजारी मुलीलाही जाईल. तूप वर पातळ करून वाढलं.

भाऊ फोनवर म्हणाला, एवढंच करायचं तर नाशकात येऊन कर की. त्याला सोपं आहे बोलायला. मी जिथे राहते तिथल्या ओट्यावर उभी राहते; आणि दादरच्या धर्मशाळेला वर्षाला पैसे पाठवायचं ठरवलंय, ते काही त्याला सांगितलं नाही. काउंटरवरच्या प्रश्नाला मी अजूनही ‘नको’च म्हणते. खिचडी फुकट करते, चिल्लर का म्हणून देऊ?

पुढच्या महिन्यात परत आमची स्वयंपाकाची पाळी आहे. दाण्याशिवाय, बेताच्या तिखटाची आणि चाळीस माणसांना पुरेल अशी भाजी सुचवा. मटकीची उसळ सांगू नका. मोड कुठे आणायचे, घरी की तिथे, यावरूनच आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत.