राणीच्या मागच्या पायापाशी

सकाळी काटोल रोडवर मामाच्या तबेल्यात वरातीच्या घोड्या सांभाळतो, संध्याकाळी कराटे शिकवतो. परवा त्यातल्या राणी नावाच्या घोडीची नालबंदी होती. लग्नसराईत वऱ्हाडी मंडळी हौसेनं तिच्या पायांशी फटाक्यांची लडी लावतात आणि ती बिथरली की आम्हालाच बोलतात. तेव्हापासून मागच्या पायाला कुणी हात लावला की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

सोबत माझी एक विद्यार्थिनी होती, 15 वर्षांची. कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, ती मागे सरते, आणि लाथ पूर्ण जोरात पोचते ती नेमकी तिथेच. डोक्यावरच्या लाथेला 3 गुण, ठोशाला 1. दोन लाथांत सामना हातचा जातो. कडेला उभं राहून "मागे हो, मागे हो" ओरडणाऱ्या प्रशिक्षकांनी पोरांचं फार नुकसान केलंय.

घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त थेट कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं नाही. म्हणून खांद्याकडून जायचं, आणि तळहात न उचलता पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत, म्हणजे मागच्या पायाच्या वरच्या भागापर्यंत, फिरवत न्यायचा. पोरगी दोन हात लांब उभी होती. नालबंद काका म्हणाले, "दूर नको राहू व पोरी, चिटकून राय. मारन तं दूरवाल्याले मारन." अंगाला अंग लागलं की खुराला वेग घ्यायला जागाच उरत नाही. फार तर ढकलते.

काका वाकले तसे राणीनं कान मागे टाकले, शेपटी दाबली, सगळा भार डाव्या पायावर घेतला. लाथ उजव्याची येणार होती, खबर डाव्यानं दिली. पोरगी हलली नाही. तळहात पुठ्ठ्यावर तसाच ठेवून तिनं लांब श्वास सोडला. थोड्या वेळानं राणीनं मान खाली सोडली, तोंड चघळलं, आणि काकांनी पाय उचलून मांडीवर घेतला.

संध्याकाळी पोरीला एका उंच मुलीसमोर उभं केलं. म्हटलं, येणारा पाय नको बघू, टेकलेल्या पायाची टाच बघ. मावाशी गेरीत, म्हणजे गोल फिरवून मारायच्या लाथेत, ती आधी फिरते. दुसऱ्याच लाथेला ती आत शिरली. बरगडीला नुसती मांडी लागली. ठोशाला समोर सगळं मोकळं होतं.

तिनं मारलाच नाही. उघडा तळहात त्या मुलीच्या खांद्यावर ठेवला आणि श्वास सोडला. समोरचीही थांबली.

मी "यामे", म्हणजे थांबा, म्हणालो, पुढं काही सुचेना. सामन्यात पंच असा हात चालवून घेणार नाहीत. ठोसा शिकवायला मला आठवडा पुरेल. पण आज राणीला खरारा करतानाही तोच हात डोळ्यांसमोर होता, आणि तो पोरीला सोडायला सांगायचं माझं मन होत नाहीये.